अन्नपूर्णाबाईंचा हेडफोन

माझं नाव महांतेश. गुलबर्ग्यात स्टेशन रोडच्या आतल्या बाजूला, तुरीच्या डाळीच्या एका गोदामाला लागून माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मूळचा मी हळ्ळीखेडचा. घरची मेंढरं. माझा बाप, रेवणप्पा, मेंढरांमागं हिंडताना गळ्यात रेडिओ अडकवायचा आणि तो रेडिओ दर दोन महिन्यांनी मुका व्हायचा. तो दुरुस्तीला नेता नेता मी खाजामियाँ उस्तादांच्या दुकानात बसायला लागलो. मेंढरं सुटली ती सुटलीच.

उस्तादांची एक पद्धत होती. रेडिओ दुरुस्त झाला की ते तो नुसता गिऱ्हाईकाच्या हातात देत नसत. दुकानाच्या पायरीवर येत, चहावाल्याला, शेजारच्या शिंप्याला, रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हाक मारत आणि आवाज पूर्ण मोठा करून सगळ्यांना ऐकवत. "चार जनां कू सुना रे बेटा," ते म्हणत, "फिर कोई मुकरता नै." मग घरी नेऊन 'वाजतच नाही' म्हणायची कुणाची टाप नव्हती. आमच्या भागातले जुने मेकॅनिक सगळे असंच करायचे. रेडिओ गेले, टेप गेले, कॉम्प्युटर आले, पण मी ही पद्धत सोडली नाही. उलट मला तिचा अभिमान होता. आता त्या अभिमानाची आठवण झाली तरी कानशिलं गरम होतात.

ही गोष्ट दोन हजार दहा सालची, आणि ती माझी नाही, अन्नपूर्णाबाईंची आहे.

अन्नपूर्णाबाई एका खासगी कॉलेजच्या कचेरीत टायपिस्ट होत्या. कॉलेजचं नाव सांगत नाही, ते अजून आहे आणि माझं तिथलं कामही अजून चालू आहे. बाईंची नोकरी तीस वर्षांची, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. गुलबर्ग्यातल्या जुन्या मराठी घरातल्या. बाईंचे मालक, म्हणजे यजमान, अच्युतराव शाळामास्तर होते, तेव्हा निवृत्त झालेले. बाईंचा चष्मा जाड भिंगाचा, केसांचा घट्ट अंबाडा, आणि बसणं असं ताठ की खुर्चीची पाठ त्यांना कधी लागतच नसे.

त्या टाईपरायटरच्या काळातल्या. तेव्हा टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये अक्षरांवर पत्र्याचं झाकण घालून शिकवायचे, म्हणजे बोटांकडे बघायची सोयच नाही. बाईंनी तिथं पहिला नंबर काढला होता. कॉम्प्युटरवरही त्यांची मान कधी खाली गेली नाही. समोर कुठंतरी बघत त्या भराभरा टाईप करायच्या, आणि पत्रात चूक शोधून सापडायची नाही. कानाला कायम हेडफोन. कचेरीत सगळे म्हणायचे, "बाई दिवसभर भजनं ऐकायलेत." म्हणणाऱ्यांत मीही होतो.

आणखी एक म्हणायचे, की बाई लई शिष्ट. समोरून कुणी हसलं तर त्या हसत नसत. जिन्यात कुणी भेटलं तर तशाच पुढं जात. लग्नाची पत्रिका द्यायला गेलं तर हातात घेऊन न उघडता बाजूला ठेवत. माझ्याशी मात्र त्या गोड होत्या. मी दारात पाय टाकला, की तोंड उघडायच्या आधी म्हणत, "ये महांतेश." एकदा तर पुढं म्हणाल्या, "चप्पल नवी घेतलीस वाटतं?" एवढ्या लोकांत बाईंचं आपल्या चपलेकडं लक्ष जातं म्हणून मी फुगायचो. गाढव, दुसरं काय!

कचेरीचे सुपरिंटेंडेंट माणिकप्पा. माणूस वाईट नाही, पण तोंडानं तापट, आणि अक्षर असं की स्वतःचं स्वतःला लागत नसे. बाईंनी त्यांना केव्हाच सांगून टाकलं होतं, "सर, तुमचं अक्षर वाचण्यात माझा वेळ जातो. तुम्ही तोंडी सांगा, मी घेते." तेव्हापासून माणिकप्पा सांगत आणि बाई बडवत. सगळ्यांना हे एवढं सवयीचं झालं होतं, की त्यात कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं.

त्या वर्षी शिष्यवृत्तीचं काहीतरी नवं काम आलं आणि त्यासाठी कचेरीतल्या सहाही मशीनवर नवी सिस्टीम टाकायचं ठरलं. काम मला मिळालं. एका शुक्रवारी, कचेरी सुटल्यावर, मी सहाही मशीनवर जुनीच्या अंगावर नवी चढवली. आतल्या फायली, आतले प्रोग्रॅम जागच्या जागी राहिले. प्रिंटर चालतो का पाहिलं, नेट चालतं का पाहिलं. आवाज पाहिला नाही. कचेरीच्या मशीनला आवाज कशाला लागतो? आम्ही सगळेच मेकॅनिक असं करतो. साउंडचा ड्रायव्हर, म्हणजे मशीन आणि आवाजाचं कार्ड यांच्यात दुभाष्याचं काम करणारा छोटा प्रोग्रॅम, तो घालायला वेळ जातो आणि कुणी विचारतही नाही.

शनिवारी सकाळी साडेदहाला मी कमलनगरला एका कामावर होतो. फोन वाजला.

"महांतेश, माझ्या मशीनचा आवाज गेला." बाईंचा स्वर असा घाबरलेला मी कधीच ऐकला नव्हता.

"एवढंच व्हय! सोमवारी येतो की बाई. दोन दिवस भजन घरी ऐका."

मग त्या हळू म्हणाल्या, "आज नाही का जमणार?"

"कमलनगरात हाय मी. जीप धरून यायचं म्हटलं तरी संध्याकाळ व्हती."

"बरं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ये. कुणी नसताना."

मी फोन ठेवला आणि शेजारच्या पोराला म्हणालो, भजनाचं व्यसन बघ केवढं असतंय. खरंच तसं म्हणालो. आज कुणी मला त्या वाक्यासाठी थोबाडीत मारली तर मी दुसरा गाल पुढं करीन.

सोमवारी मी पावणेदोनला पोहोचलो. कचेरीत बाई एकट्याच होत्या. मशीन चालू, हात मांडीवर. दारातच मला ऐकू आलं होतं, की आतल्या केबिनमध्ये माणिकप्पा फोनवर कुणावर तरी ओरडत होते. विद्यापीठाचं एक उत्तर त्याच दिवशी पाच वाजायच्या आत जायला हवं होतं, आणि शनिवारपासून ते टाईप होत नव्हतं. शनिवारी बाईंनी डोकं दुखतं म्हणून सांगितलं होतं. सोमवारी सांगितलं, मशीन बिघडलंय. माणिकप्पांनी येऊन पाहिलं तर मशीन चांगलं चालू. "आवाज गेला म्हणून टायपिंग कामून थांबतंय बाई? बोटाला कान हायत काय?" असं ते सगळ्यांसमोर बोलले होते. हे मला कचेरीतल्या शिपाईण हेमावतींनी नंतर सांगितलं.

बाई उठल्या. खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या.

"स्पीकर आणला नाहीस ना?"

"पिशवीत हाय. टेस्टिंगला लागतंय."

"स्पीकर नको. हेडफोनमध्येच आण आवाज. इथं लोक काम करतात, त्यांना त्रास नको."

"व्हय बाई."

"नक्की ना? हेडफोनमध्येच."

त्यांनी तीनदा सांगितलं. मी तीनदा व्हय म्हणालो.

खालच्या कोपऱ्यात स्पीकरच्या चित्रावर लाल फुली होती. आत जाऊन पाहिलं तर साउंडच्या नावापुढं पिवळी खूण, म्हणजे ड्रायव्हर नाही. मशीनबरोबर आलेली जुनी सीडी कपाटात होती. ती घातली तर नवी सिस्टीम तिला जुमानेना. मग एक युक्ती करावी लागते. प्रोग्रॅमला आपण जुन्याच सिस्टीमवर आहोत असं भासवायचं, की तो गपगुमान बसतो. तसं केलं, बसला. मशीन बंद करून चालू केलं. फुली गेली. हेडफोन कानाला लावला तर मुकाच. पुढच्या बाजूचं छिद्र नव्या सिस्टीमला दिसतच नव्हतं, आवाज सगळा मागच्या छिद्राला जात होता. तेही जुळवता येतं, पण अर्धा तास आणखी लागला असता.

तेवढ्यात सुट्टी संपली. लोक पान-तंबाखू खाऊन परतायला लागले. आतून माणिकप्पांनी हाक मारली, "बाई, आत या जरा!" आणि बाई टेबलाच्या कडेवर बोटं टेकवत केबिनकडं गेल्या.

आता मी काय करायला हवं होतं ते शेंबडं पोरही सांगेल. पण परतणारे लोक दारातच त्या बाईला हसत होते, मशीन ठीक असून नाटक करते म्हणत होते. मला वाटलं, दाखवूनच देऊ. आवाज खरंच गेला होता आणि महांतेशनं आणला, चार माणसांनी ऐकू दे. मी पिशवीतला स्पीकर काढला, मागच्या छिद्रात खुपसला, बटण पूर्ण फिरवलं, हात वर करून म्हणालो, "या, या सगळे! बाईंचं भजन ऐकायला या!"

हसत हसत पाच-सहा जण जमले. मी मशीन पुन्हा चालू केलं.

भजन लागलं नाही. एक पुरुषी, पत्र्यासारखा इंग्रजी आवाज कचेरीभर घुमला. पडद्यावर जे जे होतं ते तो वाचत होता. मी माऊस हलवला, तर माऊस ज्यावर जाईल त्याचं नाव. फायलींची नावं, तारखा, कचऱ्याची टोपली, घड्याळातली वेळ. लोक हसायला लागले. कुणी म्हणालं, भूत शिरलं. कुणी म्हणालं, महांतेशनं काय भरलं रे यात? हेमावती मात्र हसत नव्हत्या. पाण्याचा तांब्या घेऊन त्या माझ्या अगदी जवळ आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "बंद करा हो, महांतेशण्णा. बंद करा आधी."

मी ऐकलं नाही. मला तेवढ्यात ओळख पटली होती. बिदरला एका शाळेत मी असा आवाज ऐकला होता आणि आपल्याला ठाऊक असलेलं कधी एकदा सांगतो असं झालं होतं.

"अरे, हे तर आंधळ्यांचं सॉफ्टवेअर हाय!" मी मोठ्यानं म्हणालो. "डोळे नसलेल्यांला मशीन वाचून दाखवतंय. हे बाईंच्या मशीनमध्ये कुणी टाकलं?"

हसू जागच्या जागी थांबलं. मी लोकांकडं पाहिलं तर लोक माझ्याकडं बघत नव्हते. ते केबिनच्या दाराकडं बघत होते. दारात अन्नपूर्णाबाई उभ्या होत्या, एक हात चौकटीवर, आणि त्यांच्या मागं माणिकप्पा. बाईंचा चेहरा सरळ आमच्याकडं होता, पण डोळे आमच्यातल्या कुणावरच नव्हते. ते तसे कधीच कुणावर नव्हते. हे मला त्या क्षणी दिसलं.

न हसणं, पत्रिका न उघडणं, समोर कुठंतरी बघत बसणं, माझी चप्पल! त्यांनी माझी चप्पल पाहिली नव्हती, ऐकली होती. इतकी वर्षं एक बाई आमच्यात बसून काम करत होती, तिला दिसत नव्हतं, आणि आम्हा डोळेवाल्यांना ते दिसलं नव्हतं. मी स्पीकरची वायर उपटायला मशीनमागं हात घातला, तर वायरींच्या गुंत्यात ती सापडेना. तो पत्र्याचा आवाज घड्याळाची वेळ सांगत राहिला.

"राहू दे महांतेश," बाई म्हणाल्या. "आता राहू दे."

त्या चालत आल्या. चौदा पावलं, मी नंतर मोजली. लोक आपोआप बाजूला झाले. त्या खुर्चीवर बसल्या, हात कीबोर्डवर ठेवले आणि म्हणाल्या, "माणिकप्पा सर, विद्यापीठाचं पत्र राहिलंय. सांगा."

माणिकप्पा केबिनमधून विद्यापीठाचा कागद घेऊन आले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. बाई टाईप करत गेल्या, आणि त्यांचा प्रत्येक शब्द स्पीकरातून मोठ्यानं बाहेर पडत गेला. म्हणजे हेच त्या इतकी वर्षं कानात ऐकत होत्या. पत्र छापून आलं. माणिकप्पांनी ते दोनदा वाचलं आणि एकाही जागी बोट ठेवलं नाही.

पण कचेरी ती कचेरी. बातमी पाच मिनिटांत प्राचार्यांकडं पोहोचली आणि तिथून निरोप आला की काय प्रकार आहे तो आत्ताच्या आत्ता लेखी द्या. लेखी म्हणजे टाईप करून. आणि कचेरीत टाईप करणारं माणूस एकच होतं.

हे सांगताना मला अजून विश्वास बसत नाही, पण मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. माणिकप्पा बाईंच्या शेजारी उभे राहिले, घसा खाकरला आणि बाईंच्या विरुद्धचं टिपण बाईंनाच सांगायला लागले. टिपण इंग्रजीत होतं. 'सदर कर्मचारी पूर्ण दृष्टिहीन असल्याचे आज आढळून आले.' बाईंची बोटं चालत होती. 'दृष्टिहीन' शब्द आला तेव्हा स्पीकरनं तोही बाकीच्या शब्दांसारखाच वाचला. 'ही बाब त्यांनी कार्यालयापासून लपवून ठेवली.' तिथं माणिकप्पा अडले.

"किती वर्षं तेही घाला, सर," बाई म्हणाल्या. "चार."

"चार," माणिकप्पा म्हणाले.

"त्या चार वर्षांत माझ्या कामात चूक सापडली का?"

माणिकप्पांनी मान हलवली. मग बाईंना मान हलवलेली दिसत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते एकदम कसनुसे झाले. "न्हाई बाई. न्हाई सापडली."

"मग तसं लिहायला हवं." त्यांनी ते लिहिलं. त्याखाली त्यांनी स्वतःच आणखी एक ओळ टाकली, कुणी न सांगता. एका परिपत्रकाचा नंबर, तारीख शहाण्णव सालची, आणि मजकूर, की नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कुणाला काढता येणार नाही. स्पीकरनं ती ओळही कचेरीभर वाचली.

"हे कुठलं परिपत्रक?" माणिकप्पांनी विचारलं.

"तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा, हिरवी फाईल. मीच टाईप केलंय."

हेमावतींनी फाईल आणली. कागद होता तिथंच होता, आणि खाली टायपिस्टच्या सहीच्या जागी बाईंच्या नावाची दोन अक्षरं होती.

मला राहवलं नाही. सगळे पांगल्यावर मी त्यांच्या टेबलाशी गेलो. माफी मागायला तोंड नव्हतं, म्हणून भलतंच विचारलं. "बाई, कायदा ठाऊक होता, नोकरी जाणार न्हाई हे ठाऊक होतं. मग चार वर्षं कामून लपवलंत?"

त्या थोडं हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहत होतो.

"नोकरी जाईल ही भीती मला नव्हतीच रे. काढणार नाहीत, बसवून ठेवतील. पगार देतील आणि काम देणार नाहीत. त्याची भीती होती."

मला ते तेव्हा नीट कळलं नाही. काम न करता पगार मिळाला तर आमच्या हळ्ळीखेडात लोक पेढे वाटतील, असं काहीतरी मनात आलं.

त्या संध्याकाळी मीच त्यांना घरी सोडलं. अच्युतराव दारातच उभे होते, रोज उभे राहतात तसे. काय झालं ते बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं आणि त्या आत गेल्या. अच्युतराव मला रागं भरले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी चहा दिला आणि सांगत बसले. काचबिंदू. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग सगळंच. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलीनं, विभानं, तो बोलणारा प्रोग्रॅम आणून घातला आणि पंधरा दिवस रजा काढून आईला शिकवला. हातानं लिहिलेले कागद बाई पिशवीत घालून घरी आणायच्या, संध्याकाळी अच्युतराव ते मोठ्यानं वाचायचे, एकदाच, आणि दुसऱ्या दिवशी बाई ते पाठ टाईप करायच्या. मस्टरवर सही पहिल्याच ओळीत, कारण कचेरीत सगळ्यांत जुन्या त्याच. हेमावतींना पहिल्या वर्षीच कळलं होतं. त्यांनी एवढंच केलं, की पाण्याचा पेला रोज त्याच जागी ठेवला आणि तोंड बंद ठेवलं.

"चाळीस वर्षं मी पोरांना शिकवलं," अच्युतराव म्हणाले, "पण एवढं पाठांतर एकाचंही पाहिलं नाही." आणि त्यांचे डोळे भरून आले. माझा चहा तसाच गार झाला.

गुरुवारी कॉलेजात सत्कार झाला. हो, सत्कार! प्राचार्य भले माणूस होते, त्यांना सगळं ऐकून गहिवरून आलं होतं. शाल, श्रीफळ, फेटा नाही पण मोत्यांचा हार. मलाही बोलावलं होतं, मी मागं उभा होतो. प्राचार्यांनी बाईंच्या जिद्दीवर वीस मिनिटं भाषण केलं, पोरांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. आणि शेवटी प्राचार्य म्हणाले, "अन्नपूर्णाबाईंनी आता कष्ट घ्यायचे नाहीत. कॉलेज एवढं निर्दय नाही. निवृत्तीपर्यंत पूर्ण पगार मिळेल, त्यांनी फक्त यायचं, बसायचं. टायपिंगला उद्यापासून नवा माणूस येतोय."

पुन्हा टाळ्या. मी स्टेजवर पाहिलं. बाईंच्या मांडीवर नारळ होता आणि त्यांची दहाही बोटं त्या नारळावर घट्ट रुतली होती. त्यांनी माईक मागितला. "मला काम करता येतं, सर," एवढंच म्हणाल्या. लोकांना वाटलं विनय आहे. सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्या वाक्याला पडल्या.

तेव्हा मला कळलं, त्यांना कशाची भीती होती ते. मी हॉलबाहेर येऊन पायरीवर बसलो. कुणी वाईट वागलं नव्हतं. कुणी एक शब्द वावगा बोललं नव्हतं. आणि चार वर्षं जपलेलं सगळं शाल पांघरून काढून घेतलं होतं.

बाई नंतरही रोज येत. पहिल्या ओळीत सही करत आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसत. आता सगळे त्यांना मोठ्यानं, एकेक शब्द तोडून नमस्कार करायचे, जसं काही त्यांचे कानच गेले होते. नवा टायपिस्ट रविकुमार बावीस वर्षांचा, दोन बोटांनी टाईप करणारा. माणिकप्पा त्याच्यावर दिवसभर खेकसत. बाईंनी दोनदा अर्ज केला, काम द्या म्हणून. दोन्ही अर्ज अच्युतरावांनी हातानं लिहिले होते. उत्तर आलं, की आपल्या भावनांचा आदर आहे.

पंधरा दिवसांनी मला कचेरीतून फोन आला. रविकुमारचा होता.

"महांतेशण्णा, त्या मशीनमध्ये ते बोलणारं काय हाय ते काढून टाका की. चालू केलं की बडबड सुरू करतंय. डोकं उठायलंय."

ज्या मशीनचा आवाज आणायला मी गेलो होतो, त्याचाच आवाज बंद करायला मला बोलावलं होतं. दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी माणिकप्पांचा फोन आला, मग गेलो. मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत गेलो, कुणी नसताना. दाराबाहेर चप्पल काढली आणि अनवाणी आत गेलो, चोरासारखा.

बाई खिडकीजवळ बसल्या होत्या.

"अनवाणी का आलास?" त्या म्हणाल्या.

मी पिशवी खाली ठेवली.

"ते काढायला आलास ना? रविकुमार सांगत होता." त्या उठल्या. चौदा नाही, खिडकीपासून नऊ पावलं. स्वतःच्या जुन्या खुर्चीवर बसल्या, हात फिरवून पाहिला. रविकुमारनं खुर्ची खाली केली होती. "तू राहू दे. विभानं घातलंय, मला माहीत आहे कसं बंद करायचं."

स्पीकर माझाच होता, त्या दिवसापासून तिथंच राहिलेला. त्या पत्र्याच्या आवाजानं पडद्यावरच्या रविकुमारच्या अर्धवट पत्राची एक ओळ वाचली. ओळीत तीन चुका होत्या. बाईंनी त्या दुरुस्त केल्या, पटापट, मान ताठ ठेवून. मग दोन बटणं एकदम दाबली. आवाजानं विचारलं, बंद करायचं का?

त्यांचं बोट बटणावर थांबलं. माझ्याकडं तोंड करून त्या म्हणाल्या, "महांतेश, या वेळी चार माणसांना बोलावू नकोस."

आणि त्यांनी बटण दाबलं.